लागला तर ठेवा

क्लँपच्या आतल्या बाजूला एक खाच होती. इंग्रजी व्ही अक्षरासारखी, सव्वादोन मिलिमीटर खोल आणि गोलभर सारखी. बाहेरून पाहिलं तर तो पाइपला लावायचा साधा क्लँप होता, दोन अर्धगोल एका बोल्टने आवळणारा; तसले त्याच हार्डवेअरच्या दुकानात एकतीस नंबरच्या खणात दीडशे तरी पडले होते. त्यांच्या आत खाच नव्हती, एवढाच फरक. सिद्धीने व्हर्नियर कॅलिपर मिटून पिशवीत ठेवला आणि धाकट्या भावाला म्हणाली, "हे सगळं काउंटरवर ठेवू नकोस."

"दीदी, उद्या सकाळपर्यंतच तर ठेवायचंय," अरिहंत मोबाइल उंच धरून काउंटरचा फोटो काढत म्हणाला. "तोवर कोण हात लावतंय?"

सिद्धीने पिशवी उचलली. एकदा सांगितलं तर ती माहिती असते आणि दोनदा सांगितलं की मोठ्या बहिणीची कटकट होते, असं अरिहंतचं मत होतं, आणि एकदा सांगून झालं होतं.

काउंटरवर पांढऱ्या पंचावर सायकल मांडलेली होती. म्हणजे सायकलीचे अडतीस भाग मांडलेले होते. विमानाने हिंडणाऱ्या लोकांसाठी परदेशात बनवलेली ही सायकल: फ्रेमचेसुद्धा दोन तुकडे होतात, सगळं सूटकेसमध्ये भरायचं, उतरलं की जोडायचं. कंपनीच्या व्हिडिओत एक सोनेरी दाढीवाला माणूस ती अठरा मिनिटांत जोडतो आणि बर्फाच्या डोंगराकडे निघून जातो. अरिहंतने तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता, की आपण ती स्वतःच अनेकदा जोडली आहे असं त्याला वाटू लागलं होतं. सूटकेसने मात्र अजून विमान पाहिलं नव्हतं. ती बंगळुरूहून पुण्याला खासगी बसच्या डिकीतून आणि पुण्याहून ओतूरला एसटीत, कांद्याच्या रोपांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये बसून आली होती.

दुकानाचं नाव 'चांदमल अँड सन'. पाटी अरिहंतच्या बारशाच्या दिवशी लागली. सिद्धी तेव्हा तीन वर्षांची होती आणि पाटी रंगवणाऱ्याला ब्रश देत उभी होती, असं धापूबाई, म्हणजे या दोघांची आई, कौतुकाने सांगायची. त्यातला 'सन' पुढे बंगळुरूला गेला आणि नऊ वर्षं दुकान दिवाळीच्या फोटोंत पाहत राहिला. मार्चमध्ये त्याच्या कंपनीने दोनशे माणसांना 'नव्या संधी शोधायला मोकळं' केलं. अरिहंतही मोकळा झाला, आणि मोकळ्या माणसाला सुचते तशी त्याला कल्पना सुचली.

कल्पना अशी, की ओतूर माळशेजच्या वाटेवर आहे. शनिवार-रविवार पुण्याची मंडळी सायकली घेऊन इथून जातात. तर हार्डवेअरचं दुकान बंद करून तिथे 'बेसकँप' काढायचा. कॉफी, भाड्याच्या सायकली, भिंतीवर डोंगरांचे फोटो. नट-बोल्टचे तीनशे बारा लाकडी खण फार सुंदर आहेत, ते रिकामे करून शोभेला ठेवायचे. सोमवारी इंटिरिअरवाला येणार होता. त्याआधी शनिवारी सकाळी अरिहंत वडिलांच्या डोळ्यांसमोर सायकल जोडणार, पुण्याहून आलेल्या सात सायकलस्वारांबरोबर माळशेजला जाऊन येणार, आणि संध्याकाळी वडील 'हो' म्हणणार. कागदावर सगळं ठीक होतं. कागदावर सिद्धी नव्हती.

सिद्धी एम.एस्सी. फिजिक्स. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर तीन वर्षं कंत्राटी कामाला होती. मग वडिलांचे, चांदमलशेठचे, गुडघे गेले, आणि ते तिला म्हणाले, "अरिहंत येईल तोवर तू बघ." तिने बघितलं. त्याला सहा वर्षं आणि दोन महिने झाले होते. घरात तिच्या लग्नाचा विषय अधूनमधून निघत असे, पण नेमकी त्याच आठवड्यात मालाची गाडी येई आणि विषय पुढच्या गाडीपर्यंत राही. दुकानाचं पुढे काय, हे तिने कधी विचारलं नव्हतं. धापूबाईने विचारलं होतं, अरिहंतने विचारलं होतं, गावातल्या निम्म्या लोकांनी विचारलं होतं. चांदमलशेठ सगळ्यांना एकच शब्द देत: "बघू." फारच अडचण झाली तर ते घड्याळ पाहत. सूर्यास्तानंतर ते पाण्याचा घोटही घेत नसत, त्यामुळे संध्याकाळी कुठलाही अवघड विषय निघाला की, "सूर्य चालला, आधी जेवू," म्हणून जिना चढता येई. जैन धर्माचा इतका व्यावहारिक उपयोग ओतूरमध्ये दुसरं कोणी करत नसेल.

शनिवारी सकाळी साडेसहाला चांदमलशेठ मंदिरातून परतले आणि त्यांनी शटर उघडलं. काउंटरवर वस्तू होत्या.

काउंटर वस्तू ठेवण्यासाठी नसतो, हा त्यांचा एकोणचाळीस वर्षांचा नियम. काउंटरवर दिसलेली वस्तू जागेवर गेली पाहिजे. मुलाने सायकल आणली आहे हे त्यांना माहीत होतं, पण सायकल म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे सायकल होती. समोर होता तो उघड उघड माल होता, आणि कुणीतरी न लावता ठेवलेला.

त्यांनी तो लावला.

अरिहंत आठ वाजता खाली आला तेव्हा त्याने सायकलस्वाराचे अंगाला चिकटणारे कपडे घातले होते, हेल्मेटही घातलं होतं. काउंटरवर फक्त पांढरा पंचा होता, तोही घडी घालून.

"पप्पा, इथे माझी सायकल होती."

"सायकल?" चांदमलशेठ चष्म्यावरून म्हणाले. "इथं कुठं सायकल?"

दुसऱ्या एखाद्या दुकानात वस्तू हरवतात. चांदमलशेठांच्या दुकानात त्या जागेवर जात, आणि ते हरवण्याहून वाईट होतं. पुढची चाळीस मिनिटं सिद्धी खण उघडत राहिली. बोल्ट व्यासाप्रमाणे सहा खणांत गेले होते. ब्रेकच्या तारा बाइंडिंग वायरशेजारच्या खिळ्याला होत्या. बोल्ट आवळायची षटकोनी एलन की दोनशे एलन कींच्या डब्यात. चाकं मागे, बागेच्या पाइपांच्या वेटोळ्यांत टांगलेली. फ्रेमचे दोन तुकडे पाहून शेठना वाईट वाटलं होतं. कुणीतरी चांगली सायकल कापली म्हणून हळहळत त्यांनी ते भंगाराच्या कोपऱ्यात उभे केले होते. सीट मात्र त्यांना कुठल्याच वर्गात बसवता आली नव्हती. ती ते पाठीमागे घेऊन बसले होते. गुडघ्यांना नाही, पण कमरेला आराम वाटत होता म्हणाले.

सदतीस भाग मिळाले. एकतीस नंबरच्या खणातले दीडशे क्लँप सिद्धीने एकेक करून बोट फिरवून पाहिले. एकाच्याही आत खाच नव्हती.

तोवर अरिहंतने जमेल तेवढं जोडायला घेतलं होतं. डावं पायडल बसत नव्हतं. तो ते उजवीकडे फिरवून आवळत होता, घामाघूम होऊन, आणि पायडल प्रत्येक फेरीला थोडं आणखी बाहेर येत होतं. सायकलीच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे सिद्धीला माहीत होतं, चांदमलशेठना माहीत होतं, आणि तेवढ्यात खिळे घ्यायला आलेल्या ठमाबाईंनासुद्धा माहीत होतं. तिघंही चार मिनिटं पाहत राहिले.

"मालाचाच दोष हाय," शेवटी ठमाबाई म्हणाल्या, आणि खिळे घेऊन गेल्या.

"उलटं फिरव," सिद्धी म्हणाली. "आणि तो क्लँप मिळालेला नाही. खाचेचा."

अरिहंतने पाना खाली ठेवला. फ्रेमचा वरचा जोड सीटची दांडी धरते. खालचा, पायडलजवळचा, तो एकटा क्लँप धरतो. तो नसेल तर पुढचं चाक माळशेजला जाईल आणि मागचं ओतूरला राहील.

"पप्पा," सिद्धीने विचारलं, "सकाळी कोणी क्लिप नेली?" क्लँपला दुकानात सगळे क्लिपच म्हणत.

चांदमलशेठना विचार करावा लागला नाही. त्यांना शब्द देताना वेळ लागे, माल दिलेला लक्षात असे. "जानकू आला होता. मढच्या पलीकडच्या वाडीचा, पाणीपुरवठ्याचा. पंपाचा जोड गळतो म्हणाला, चार वर्षं झाली, कुठलीच क्लिप लागत नाही. तीन दिल्या नेऊन बघायला. दोन खणातल्या आणि एक काउंटरवरची." मग, आपण कामात हयगय केली असं वाटू नये म्हणून, ते म्हणाले, "सोबत एलन कीपण दिली."

ही त्या दुकानाची रीत होती. डोंगरातून एसटीने आलेल्या माणसाला तीन मापं द्यायची: नेऊन बघा, लागला तर ठेवा, नाही लागला तर परत आणा. उरलेल्या दोन वस्तू परत आल्या नाहीत असं एकोणचाळीस वर्षांत झालं नव्हतं. म्हणूनच मंचरला मोठी दुकानं झाली तरी वाडीवस्तीची माणसं इथे येत.

"हे काय सिस्टिम आहे?" अरिहंत म्हणाला. "कुणाचीही वस्तू कुणालाही?"

"काउंटरवर होती," चांदमलशेठ म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

पुण्याची सात मंडळी बसस्टँडवर चहा पिऊन पुढे निघून गेली होती. घाटात गाठ, असा त्यांचा निरोप होता. अरिहंतने ठरवलं, की जानकूच्या वाडीवर जायचं, क्लँप घ्यायचा, तिथेच सायकल जोडायची आणि त्यांना गाठायचं. वाडी वाटेवरच आहे, म्हणजे खरं तर काहीच बिघडलेलं नाही. हे त्याने तीनदा सांगितलं. त्याला सायकल येत होती, स्कूटी येत नव्हती. म्हणून चालवणार सिद्धी.

अशा रीतीने सकाळी दहाला ओतूरच्या बाजारपेठेतून एक स्कूटी निघाली. पुढे सिद्धी, पायाशी दोन्ही चाकं बांधलेली. मागे सायकलस्वाराच्या पूर्ण वेशात, हेल्मेट घालून अरिहंत. उजव्या खांद्यावर सायकलीचा पुढचा अर्धा भाग, डाव्या खांद्यावर मागचा. त्याच्या मोबाइलमधलं एक ॲप तेवढ्यातही सुरू होतं आणि तो ताशी अडतीस किलोमीटरने सायकल चालवत असल्याबद्दल दर पाच मिनिटांनी त्याचं अभिनंदन करत होतं.

मढला चहाच्या टपरीवर थांबावं लागलं, कारण डावा खांदा बधिर झाला होता. बाकावरचे तिघेजण उठून आले. एकाने फ्रेमच्या टोकावरून हळूच हात फिरवला.

"कुठं ठोकली, पावणं?"

"ठोकली नाही. अशीच असते ती."

"दोन तुकड्यात?"

"हो. ट्रॅव्हल बाइक आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस मोठ्या धक्क्यात असला की असं बोलतो, हे त्यांना माहीत असावं. सगळ्यात वयस्कर होते ते कुशाबा, ते मायेने म्हणाले, "भाऊ, वाईट वाटून नका घेऊ. आमच्या हितं वेल्डिंगवाला हाय. दोन टाके मारले का रेडा बांधला तरी सुटायची न्हाई."

अरिहंतने त्यांना समजावलं, की फ्रेम मुद्दामच कापलेली आहे, कारण ती सूटकेसमध्ये बसते. सूटकेस कशाला, असं कुशाबांनी विचारलं. विमानात न्यायला. विमान कुठं हाय, असं त्यांनी विचारलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. सिद्धीने चहा संपवला आणि स्कूटी सुरू केली.

वाडीवर पोहोचल्यावर क्लँप शोधावा लागला नाही. तो पंपघरात होता, आणि पंपघराच्या दारात जानकूची बायको लंकाबाई नाचणीची कणसं पसरून बसली होती. आत दोन लोखंडी पाइपांची ओठासारखी वळलेली टोकं समोरासमोर आली होती, मध्ये ट्यूबच्या रबराची चकती, आणि त्या दोन ओठांना आपल्या खाचेत घट्ट धरून क्लँप बसला होता. एक थेंब गळत नव्हता. सिद्धीने वाकून पाहिलं. खाच ओठावर कशी चढली आहे, बोल्ट आवळला की दोन्ही टोकं आपोआप जवळ कशी ओढली जातात, हे पाहताना ती क्षणभर भावाला विसरली. खोडद सोडल्यापासून इतकं नेटकं काही तिने पाहिलं नव्हतं.

"लागला ना, ताई," जानकू मागून येऊन म्हणाला. त्याच्या आवाजात मुलगा पास झाल्यासारखा आनंद होता. "योजनेतनं पंप आला तवा त्याची सोताची क्लिप व्हती, ती तुटली. चार वरसं झाली. किती क्लिपा लावल्या, तारा बांधल्या, सुतळी बांधली. वरच्या आळीला पानीच चढत न्हवतं. आज सकाळी चढलं."

अरिहंतने खांद्यावरचे दोन्ही अर्धे भाग खाली ठेवले आणि गैरसमज समजावून सांगितला. क्लँप त्याचा आहे. तो पंपाचा नाही, सायकलीचा आहे, आणि परदेशातून आला आहे. वडिलांनी चुकून दिला. इथे दुसरा कुठलाही लावता येईल.

"दुसरा कंचा?" लंकाबाईने विचारलं.

"कुठलाही. साधा. शेवटी पाणीच तर आहे."

जानकू बिचारा भला माणूस. धाकल्या शेठची वस्तू आहे म्हटल्यावर त्याने मोटर बंद केली, क्लँप सोडून अरिहंतच्या हातात दिला आणि खणातल्या दोन क्लिपांपैकी मोठी क्लिप जोडावर आवळली. अरिहंत म्हणाला, अजून आवळा. जानकूने अजून आवळली. अरिहंत स्वतः जोडाजवळ उकिडवा बसला, कान लावला, आणि चालू करा म्हणाला.

सिद्धी दोन पावलं मागे सरकली. वरची टाकी साधारण पंचवीस मीटर उंचीवर होती, म्हणजे जोडावर दाब किती येईल याचा अंदाज तिने आल्याआल्याच केला होता. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

मोटर सुरू झाली. तीन सेकंद काही झालं नाही. चौथ्या सेकंदाला रबराची चकती अरिहंतच्या हेल्मेटवर आपटून छताला लागली, आणि मागोमाग सव्वा इंची पाइपमधून निघू शकेल तेवढं सगळं पाणी त्याच्या छातीवर आलं. हेल्मेट घातल्याचा त्या दिवशी तेवढा एक उपयोग झाला. अंगाला चिकटणारे कपडे आणखी चिकटू शकतात, हेही वाडीला कळलं; कारण तोवर वरच्या आळीच्या पाच-सहा बाया पाणी का थांबलं ते पाहायला खाली आल्या होत्या, आणि त्यांनी कुठेही न पाहता सगळं पाहिलं.

लंकाबाई उठली. तिने अरिहंतच्या ओल्या हातातून क्लँप काढून घेतला, नवऱ्याला दिला, आणि पुन्हा कणसांपाशी जाऊन बसली. जानकूने तो बसवला. मोटर लागली. एक थेंब गळला नाही.

"बाई, अहो तो माझा आहे," अरिहंत दात वाजवत म्हणाला.

"शेठनी काय सांगितलंय? लागला तर ठेवा, न्हाई लागला तर परत आना. लागला," लंकाबाई म्हणाली. "तुमच्या सायकलीला लागंल का न्हाई ते तुमालाच ठाव न्हाई. ती अजून जोडलीया कुठं?"

अरिहंतने खाली ठेवलेल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं.

सिद्धीने व्हर्नियर काढला. तिने फ्रेमच्या दोन्ही टोकांचं माप घेतलं, त्यांचा उतार पाहिला, आणि काल क्लँपचं घेतलेलं माप कागदावर शेजारी लिहिलं. ओतूरचा लेथवाला सुभाष असा क्लँप मंगळवारपर्यंत करून देईल, असं तिने सांगितलं. अरिहंतचा चेहरा उजळला. मग नवा क्लँप पंपाला, असली आत्ता सायकलीला.

"लेथवरचा पंपाला चालेल?" सिद्धीने विचारलं.

"चालेल की. शंभर टक्के."

"पंचवीस मीटरच्या दाबाला चालेल, तर तुझ्या वजनालाही चालेल," सिद्धी म्हणाली. "नवा सायकलीला."

अरिहंतने बरंच काही सांगितलं. मिश्रधातू, टॉर्क, वॉरंटी. बाया ऐकत होत्या. कपड्यांतून पाणी निथळत होतं. त्याच्या खिशातल्या मोबाइलवर, जो सुदैवाने वॉटरप्रूफ होता, माळशेजच्या पॉइंटवर कांदाभजी खाणाऱ्या सात जणांचा फोटो आला.

निघताना लंकाबाईने दोन्ही साध्या क्लिपा आणि एलन की पदराने पुसून सिद्धीच्या हातात दिल्या. "ह्या न्हाई लागल्या, ताई. तुमी चाललाच हाय, तर नेता का? ह्यांची एसटीची खेप वाचंल." मग तिने आवाज थोडा खाली आणला. "पलीकडच्या तीन वाड्यांना ह्योच पंप हाय. त्येबी गळत्यात. तुमच्याकडं आन्खी मिळतील का असल्या?"

"बघ...," सिद्धी म्हणाली, आणि थांबली. वडिलांचा शब्द तिच्या तोंडात अर्धा आला होता. तो तिने गिळला. "मिळतील. दोन आठवड्यांत."

वाटेत सुभाषच्या लेथवर दुपारभर थांबून, माप देऊन, संध्याकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी ती दोघं दुकानात शिरली. अरिहंतने फ्रेमचे दोन्ही तुकडे आणि चाकं धाडकन काउंटरवर टाकली. जिन्यावरून धापूबाईने हाक मारली, पानं वाढलीयेत, सूर्य जायला तेवीस मिनिटं राहिलीत. चांदमलशेठ उठायच्या बेतात होते. सिद्धीने दोन क्लिपा आणि एलन की काउंटरवर ठेवल्या, आणि त्यांचा हात सवयीने पुढे गेला.

"तिसरी?"

"लागली."

"पाणी चढलं?"

"वरच्या आळीपर्यंत."

"मग ठेवली त्यांनी." चांदमलशेठांनी क्लिपा एकतीस नंबरच्या खणात टाकल्या आणि खण लावला. "चांगलं झालं."

"चांगलं झालं?" अरिहंत म्हणाला. त्याने दिवसभर धरून ठेवलेलं सगळं आता बोलून घेतलं. वस्तू माझी. दिली तुम्ही. राहिली तिकडे. ही काय दुकान चालवायची पद्धत आहे, म्हणूनच म्हणतो बंद करा, सोमवारी माणूस येतोय, मार्चपासून पप्पा तुम्ही बघू म्हणताय, आज मला एक काय ते सांगा.

चांदमलशेठांनी घड्याळ पाहिलं. "सूर्य चालला. आधी..."

"जेवण झाकून ठेवलंय," धापूबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसत म्हणाली. "आज उपास घडला तर घडू दे. पुण्यच आहे."

असं त्या घरात कधी झालं नव्हतं. चांदमलशेठांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलाकडे. आणि मग त्यांना काहीतरी वाजल्यासारखं झालं म्हणून त्यांनी काउंटरकडे पाहिलं. सिद्धीने पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढून तिथे ठेवला होता. शटरची, गोदामाची, कपाटाची, मागच्या दाराची.

"हे काय?"

"मीपण नेलं होतं बघायला," सिद्धी म्हणाली. "अरिहंत येईल तोवर बघ म्हणालात. सहा वर्षं दोन महिने बघितलं. तो आलाय. परत आणलंय."

ती नेहमीच्याच आवाजात बोलली होती. अरिहंतने चटकन तिच्याकडे पाहिलं. आपण जिंकलो की काय, आणि जिंकलो असू तर तीनशे बारा खण आपल्याला उघडता येतील का, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं.

काउंटरवर वस्तू होती. चांदमलशेठांचा हात पुढे गेला, जुडगा उचलला गेला, आणि हात हवेत थांबला. ते खणांच्या भिंतीकडे वळले. एक ते तीनशे बारा. त्यांनी डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे. या वस्तूला तिथे जागा नव्हती. बाहेर देवळाच्या कळसावरचं ऊन गेलं. धापूबाई जागची हलली नाही. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा चांदमलशेठ हातात वस्तू घेऊन, ती कुठे लावायची हे न कळून, आपल्याच दुकानात उभे होते.

"लागलं का तुला?" त्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

सिद्धीला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. ते तिच्याकडे बरीच वर्षं तयार होतं. "लागलं."

ते वळले. त्यांनी जुडगा काउंटरवर न ठेवता तिच्या हातात दिला आणि मग फ्रेमचे दोन तुकडे, दोन चाकं आणि त्यांतून अजूनही काउंटरवर ठिबकणारं वाडीचं पाणी यांच्याकडे नापसंतीने पाहिलं.

"मग दुकान तुझं, सिद्धी," चांदमलशेठ म्हणाले. "त्याला तेवढा काउंटर रिकामा करायला सांग."